फातिमा : एका नावाची साक्ष
(सोलापुरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज एका नावावर बोलायचंय. फातिमा. तुम्ही म्हणाल, नावात काय ठेवलंय? लई काय काय ठेवलंय. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात हुकूमच आहे – शूद्राचं नाव किळस येईल असं ठेवा. आपल्या आज्यांची नावं आठवा : धोंडी, कचरी, दगडी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ती पोथी जळाली. नाव हा आपल्या लढाईचाच मुद्दा आहे.

फातिमा शब्द अरबी. फ-त-म हा धातू. अर्थ, बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. पैगंबरांच्या लेकीचं हे नाव. ती ६३२ साली वारली. पुढे ९०९ ते ११७१ पर्यंत उत्तर आफ्रिका, इजिप्तवर राज्य केलेले खलिफा तिचा वंश सांगायचे. म्हणून ते फातिमी. राजघराणं ओळखलं गेलं ते एका बाईच्या नावानं! १९८९ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात पहिली बाई न्यायाधीश बसली, तीही फातिमा बीवी.

आणि आपली फातिमा? १० ऑक्टोबर १८५६. आजारी सावित्रीमाई माहेरी, नायगावला. तिथून जोतीरावांना पत्र लिहितात. त्यात पुण्यात कामाचा भार ओढणाऱ्या फातिमेची काळजी आहे, आणि ती तक्रार करणार नाही हा भरवसाही. बस्, एवढंच. पत्रात आडनाव नाही, जन्मतारीख नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एक लेखक म्हणाला, फातिमा शेख हे पात्र मीच रचलं. अरे, सावित्रीमाईंचं समग्र वाङ्मय मा. गो. माळींनी संपादित केलं, ते छापून आलं १९८८ ला. पत्र त्यात आहे. उघडून वाचा की!

पण दोस्तहो, आपणही चुकलो. एका ओळीवर आपण वाढदिवस चढवला, चरित्रं चढवली. पुराव्यापेक्षा जास्त बोललो, म्हणून विरोधकाला फट सापडली. बाबासाहेबांची लेकरं आपण. दंतकथेचं दूध आता तोडलं पाहिजे. ती एक ओळ पुरेशी आहे. बाईनं बाईचं नाव लिहून ठेवलं म्हणून ते उरलं.

या सोलापुरात विड्या वळणाऱ्या फातिमा आहेत, भीमाबाई आहेत. आज घरी जाऊन त्यांची नावं, त्यांचं काम वहीत लिहा. तारखेसकट. उद्या कुणी म्हणायला नको, ह्या बाया नव्हत्याच.

जय भीम!