अरण्यात एकटी मुले

(सुवर्णमहोत्सवी समारंभात ग्रंथालय समितीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या व्यासपीठावरून ग्रंथालय समितीने मुलांच्या साहसकथांवर, आणि त्यांतही धनुष्यबाणांच्या गोष्टींवर बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या देवघेवीच्या वहीची साक्ष अशी की, मुलांच्या मराठी पुस्तकांपुढील रकाने महिनोन्‌महिने कोरे राहतात. आणि तीच मुले घरी इंग्रजी पुस्तकांत डोके खुपसून जेवणाची हाक विसरतात. ती वाचतात तरी काय, हे पाहावे म्हणून आम्ही त्यांतील काही पुस्तके मागून घेतली आणि वाचली. निर्जन रानात वा बेटावर एकटे पडलेले मूल, हाती एखादे तुटपुंजे साधन, आणि पोटासाठी स्वतः घडविलेले धनुष्य, ह्या सूत्राभोवती त्यांतील बरीचशी गुंफलेली आहेत. त्यांविषयी आमचे मत अनुकूल झाले, हे प्रथमच सांगून टाकतो.

अपवाद रॉबिन हूडचा. हॉवर्ड पाइल ह्या अमेरिकन लेखक-चित्रकाराने १८८३ साली त्याच्या कथा मुलांसाठी मोठ्या रसाळपणे सांगितल्या. त्या शेरवुडच्या वनात मौज पुष्कळ आहे, पण भूक नाही. राजाची हरणे हवी तेव्हा मिळतात आणि नायकाचा बाण सहसा चुकत नाही. जो बाण चुकत नाही, त्यापासून वाचणाऱ्या मुलाने शिकावे ते काय?

ह्याउलट गॅरी पॉलसन (१९३९–२०२१) ह्यांची 'हॅचेट' ही कादंबरी घ्या. ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. आईवडिलांचा घटस्फोट झालेला तेरा वर्षांचा ब्रायन लहानशा विमानातून कॅनडाच्या उत्तरेकडे वडिलांना भेटण्यास निघतो. वाटेत वैमानिक हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावतो, विमान एका सरोवरात कोसळते, आणि मुलाजवळ उरते ती आईने निघताना दिलेली एक छोटी कुऱ्हाड. पुढचे चोपन्न दिवस तो ह्या एका वस्तूवर काढतो. त्याचे पहिले धनुष्य ताणताक्षणी फुटते आणि त्याच्या ढलप्या डोळ्यांच्या अगदी वर कपाळात रुततात. आणखी थोडक्यात दृष्टीच गेली असती. पुढे तो बुटाच्या नाड्यांची प्रत्यंचा करतो. पाण्यातला मासा स्वच्छ दिसतो, पण बाण दर वेळी हुकतो. मग शाळेत ऐकलेले त्याला आठवते, की पाण्यात प्रकाशकिरण वाकतात, सबब मासा दिसतो तेथे नसतो. तो नेम खाली धरतो आणि त्या दिवशी पोटभर जेवतो.

आम्हांस सर्वांत आवडलेला भाग त्याच्या पुढचा आहे. तित्तिरासारखा एक पक्षी त्या रानात पुष्कळ, पण तो पाचोळ्यात असा मिसळून जातो की पायाखालून भुर्रकन उडेपर्यंत दिसतच नाही. ब्रायन पिसे आणि रंग शोधत असतो. एके दिवशी तो रंग शोधणे सोडतो आणि केवळ आकृती शोधू लागतो, नासपतीसारखी, एका टोकाला निमुळती. आणि मग तेच पक्षी त्याला चोहीकडे दिसू लागतात. नेमबाजीपेक्षा पाहणे अवघड, हे इतक्या सोप्या रीतीने सांगणारे प्रकरण आम्ही मुलांच्या पुस्तकांत क्वचितच वाचले आहे.

जीन क्रेगहेड जॉर्ज ह्या लेखिकेच्या 'माय साइड ऑफ द माउंटन' (१९५९) मधील सॅम तर न्यूयॉर्कच्या घरातून आपण होऊनच निघतो. जवळ चाकू, दोरीचा गुंडा, कुऱ्हाड, चकमक आणि चाळीस डॉलर. कॅट्सकिल पर्वतातील एका पोकळ झाडाच्या बुंध्यात तो बिऱ्हाड थाटतो. पहिल्या रात्री त्याला विस्तव पेटविताच येत नाही. दुसऱ्या दिवशी भेटलेला एक गृहस्थ त्याला ती कला शिकवितो. बहिरी ससाणा पाळावा असे मनात आल्यावर हा वनवासी मुलगा काय करतो? डोंगर उतरून जवळच्या गावातील वाचनालयात जातो आणि ससाण्यांवरील पुस्तके वाचतो! त्या गावाचे नाव (सभासदांना गंमत वाटेल) दिल्ली असे आहे. ग्रंथालय समितीला ह्याहून आवडते प्रकरण दुसरे कोणते असणार?

परंतु ज्या पुस्तकासाठी आम्ही आज उभे आहोत ते स्कॉट ओडेल ह्यांचे 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स' (१९६०). कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर, सॅन निकोलस बेटावर कराना नावाची मुलगी एकटी मागे राहते. तिचा धाकटा भाऊ रानकुत्र्यांच्या तावडीत सापडून मरतो. तिच्या जमातीचा दंडक असा, की स्त्रियांनी शस्त्र घडवू नये. घडविले तर ते ऐन संकटात मोडेल. ह्या भयाला न जुमानता ती धनुष्य करते. पुरुष ते कसे करीत, हे तिने लक्ष देऊन कधी पाहिलेले नसते. म्हणून चुकत चुकत करते. कुत्र्यांच्या म्होरक्याच्या छातीत तिचा बाण लागतो. आणि तो जखमी होऊन पडला असता, मारण्यासाठी गेलेली ती त्याला उचलून घरी आणते.

येथे आम्हांस एकलव्य आठवल्यावाचून राहिला नाही. रानात एकट्याने, मातीच्या गुरूपुढे विद्या साधलेल्या त्या निषादपुत्राने भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड सात बाणांनी बंद केले आणि त्याला इजा होऊ दिली नाही. आपण राहतो त्या ह्या छोटा नागपूरच्या पठारावर मुंडा आणि हो घरांतून धनुष्य आजही आढळते. रांचीजवळच्या खेड्यात बांबूच्या धनुष्यावर हात बसविलेल्या दीपिका कुमारीने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. आपल्या मुलांना कॅनडाचे रान पाठ आहे. कुंपणापलीकडचे सालवन मात्र त्यांनी मोटारीच्या काचेतून पाहिलेले असते.

करानाची कथा निव्वळ कल्पित नाही. त्या बेटावर एक स्त्री १८३५ ते १८५३ अशी अठरा वर्षे खरोखर राहिली. तिला सांता बार्बराला आणल्यावर काही आठवड्यांतच तिचे निधन झाले. तिची बोली समजणारे तेथे कोणी उरले नव्हते, असे दीर्घकाळ मानले गेले. अलीकडील काही संशोधकांना ते तितकेसे मान्य नाही. तथापि तिच्या तोंडचे म्हणून लिहून ठेवलेले शब्द अवघे चार आढळतात. कादंबरीतही करानाला परक्या जमातीची एक मुलगी भेटते, तेव्हा दोघी प्रथम एकमेकींना आपापला शब्द देतात. अठरा वर्षे अन्न मिळविता आले, परंतु बोलावयास कोणी नव्हते. घरापासून दूर राहणाऱ्या आपणांस ह्यावर अधिक भाष्य नको.

तेव्हा समितीची योजना अशी आहे. इंग्रजी पुस्तके मुलांच्या हातून काढून घ्यावयाची नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मुलाने वाचलेले पुस्तक मंडळात मराठीतून सांगावे, आणि तो सांगताना अडेल तेथे शब्द आजीआजोबांनी पुरवावा. भाता, प्रत्यंचा, ढलपी, पाचोळा, गारगोटी, हे शब्द आपल्या घरांत अजून आहेत. त्यांना काम मिळालेले नाही. गंमत म्हणून एका मुलास आम्ही भाता म्हणजे काय असे विचारले, तेव्हा त्याने पगारावरील महागाईभत्ता सांगितला!

पहिली गोष्ट करानाची ठेवली आहे. गारगोटीवर चकमक झाडून ठिणगी कापसावर धरणे ज्यांनी लहानपणी गावी पाहिले वा केले असेल, अशा ज्येष्ठ सभासदांनी त्या सकाळसाठी आपली नावे ग्रंथपालांकडे द्यावीत. कापूस मंडळ आणील, गारगोट्या मुले शोधून आणतील.