जुन्या बाजारातून जीपचा मागचा अ‍ॅक्सल घेताना

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी पिकांचा माणूस. आज ज्वारीवर किंवा हरभऱ्यावर बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. परंतु मागच्या मेळाव्यात तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, शेतात चालणाऱ्या जुन्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल गेला. नवा मिळत नाही. जुन्या बाजारातला घ्यावा का?" या प्रश्नाचे उत्तर मी एकदा स्वतःच्या पैशाने शिकलो आहे. म्हणून आज तोच विषय घेतला.

जीप आणि शेती यांचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर 1945 मध्ये अमेरिकेतील विलीज कंपनीने नागरी वापराची 'सीजे-2ए' ही जीप काढली, तेव्हा नांगर ओढणे, यंत्रे चालवणे ही शेतीची कामे तिच्यासमोर होती. आपल्याकडे 1947 पासून महिंद्राने विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्या घराण्यातल्या गाड्या आजही मळ्यात, बागेत, धरणाच्या काठाने फिरताना दिसतात. इंजिन दुरुस्त होते, पत्रा बदलतो. खरी अडचण येते ती अ‍ॅक्सल गेला म्हणजे.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलचे दात गेले. पेरणी तोंडावर होती. मी जुन्या बाजारात गेलो आणि एका दुकानात जीपचाच म्हणून दाखवलेला अ‍ॅक्सल घासाघीस करून घेतला. वरून स्वच्छ, तेल गळत नव्हते, पाट्यांवर बरोबर बसला. शेतात चिखलात गाडी छान चालली. चार दिवसांनी पुढचा गिअर टाकलेला तसाच ठेवून डांबरी रस्त्यावर आलो. गाडी जड झाली, टायर ओरडू लागले आणि गिअरची दांडी काही केल्या निघेना. मेकॅनिकने झाकण उघडून दात मोजले. पुढच्या अ‍ॅक्सलचे दात 43 आणि 8, आणलेल्याचे 39 आणि 8!

आता हा हिशेब समजून घ्या. मोठ्या चक्राला क्राऊन आणि लहानाला पिनियन म्हणतात. 43 ला 8 ने भागले तर 5.38 येतात, 39 ला 8 ने भागले तर 4.88. म्हणजे पहिल्यात प्रोपेलर शाफ्टचे सुमारे 5.38 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. दुसऱ्यात 4.88 फेऱ्यांतच होतो. युद्धकाळच्या जीपला 4.88 असे, नागरी सीजे-2ए ला 5.38 आले. बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात.

चारही चाकांना ताकद दिल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरतात. माझ्या जीपमध्ये मागचे चाक 1 किलोमीटर जायला निघाले, तर पुढचे त्याच वेळात 907 मीटरच जाणार. चिखलात चाक घसरते म्हणून हा फरक जिरतो. डांबरावर तो जिरायला जागा नसते. मग ताण गिअरपेटीवर, शाफ्टच्या जोडांवर आणि टायरवर येतो. अ‍ॅक्सल स्वस्तात मिळाला, पण पुन्हा दुसरा घ्यावा लागला, मजुरी दोनदा गेली आणि पेरणीला बाहेरची गाडी लावावी लागली.

आधी घरची मापे घ्या

बियाणे घ्यायला जाताना आपण आधी आपली जमीन आणि पाणी पाहतो. येथेही तसेच आहे. बाजारात जाण्यापूर्वी आपल्या गाडीची पुढील मापे कागदावर लिहून घ्या :

1) एका बाजूच्या चाक बसण्याच्या पृष्ठभागापासून दुसऱ्या बाजूच्या तशाच पृष्ठभागापर्यंतची रुंदी.
2) दोन्ही पाट्यांच्या बैठकांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर.
3) मधला फुगीर भाग, म्हणजे डिफरन्शियल, बरोबर मध्ये आहे की एका बाजूला सरकलेला, आणि किती. जुन्या जीपमध्ये तो बाजूला असतो, कारण शाफ्ट बाजूने येतो.
4) चाकाच्या बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. जुन्या जीपला 5 बोल्ट आणि साडेपाच इंची, म्हणजे सुमारे 140 मिलिमीटरचे वर्तुळ असते.
5) प्रोपेलर शाफ्टच्या जोडाचे माप.
6) पुढच्या अ‍ॅक्सलच्या दातांचे प्रमाण.
7) हँडब्रेक कोठे आहे. जुन्या जीपमध्ये तो गिअरपेटीमागे शाफ्टवर असतो, इतर गाड्यांत मागच्या ड्रममध्ये.

पाट्यांच्या बैठका तोडून पुन्हा वेल्डिंग करावे लागेल असा अ‍ॅक्सल शक्यतो टाळा. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

न उघडता दात मोजणे

दुकानदार झाकण उघडू देत नसेल तरी प्रमाण काढता येते. अ‍ॅक्सल ठोकळ्यांवर घ्या. एका बाजूचा ड्रम पक्का धरून ठेवा. दुसऱ्या ड्रमवर आणि पिनियनच्या तोंडावर खडूने खूण करा. मोकळा ड्रम 20 वेळा फिरवा आणि पिनियनचे फेरे मोजा. एक बाजू धरलेली असल्यामुळे ड्रमचे 20 फेरे म्हणजे क्राऊनचे 10 फेरे होतात. पिनियनचे जवळजवळ 54 फेरे झाले तर प्रमाण 5.38, जवळजवळ 49 झाले तर 4.88. दहा मिनिटांचे काम आहे. मी ते केले असते तर आज हे व्याख्यान झाले नसते.

चाकाचा भार कोण घेतो?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हिच्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

काही अ‍ॅक्सलमध्ये चाक नळीवरच्या बेअरिंगवर बसते आणि आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. येथे चाकाच्या मध्यातून हब बाहेर आलेला दिसतो व त्याच्या तोंडावर बोल्टचे कडे असते. ते बोल्ट काढले की चाक न काढता शाफ्ट बाहेर येतो. हा शाफ्ट तुटला तर गाडी थांबते, पण चाक जागेवर राहते. युद्धकाळच्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल असा होता.

दुसऱ्या प्रकारात भारही शाफ्टच घेतो. जुन्या नागरी जीपांत शाफ्टचे टोक निमुळते असते. त्यावर हब बसतो, मध्ये चावी आणि वरून मोठा नट व पिन. शाफ्ट टोकाशी तुटला किंवा नट सुटला तर चाक ड्रमसकट निघून जाते. मागे माणसे बसलेली असताना उतारावर असे झाले तर काय होईल, हे मी सांगायला नको.

म्हणून हा प्रकार वाईट असे नाही, परंतु तो नीट पाहून घ्यावा. हब काढायला लावा. निमुळता भाग गुळगुळीत असावा, त्यावर ओरखडे किंवा गंजाचे खड्डे नसावेत. चावीची खाच रुंदावलेली नसावी. आटे शाबूत असावेत. शाफ्टच्या टोकावर घणाचे घाव दिसले तर हब ओढणीने न काढता ठोकून काढला आहे असे समजा. शाफ्ट बाहेर ओढून आतल्या टोकाच्या दातेरी खाचा पाहा. त्या दोरीसारख्या पिळल्या असतील तर शाफ्ट टाकाऊ.

पोटात काय आहे?

मागचे झाकण उघडा. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे, आणि बेअरिंग गंजलेले असू शकतात. तळाशी चुंबक फिरवा. काजळीसारखी बारीक भुकटी चालते, धातूचे तुकडे चालत नाहीत. दातांवर खड्डे, तुटक्या कडा किंवा तापून आलेला निळा रंग दिसला तर सोडून द्या. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच तयार होतात व त्यांवर जोडीचा क्रमांक कोरलेला असतो. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन घेऊ नये. पिनियनचे तोंड धरून वर-खाली हलवा. हलले तर बेअरिंग गेले.

नळी मधल्या ओतीव भागात जेथे शिरते तेथे तडा किंवा गंजाची ताजी रेघ आहे का ते पाहा. रेघ असेल तर नळी आत हलते आहे. सरळपणा तपासायला दोन्ही हबच्या तोंडांवर एकेक सरळ पट्टी धरा. पट्ट्यांमधील अंतर पुढे आणि मागे, तसेच वर आणि खाली सारखे भरले पाहिजे.

ब्रेक ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्या. लायनर, ऑइल सील आणि ब्रेकचे रबर मात्र नवेच घाला.

कागद विसरू नका

पावती घ्या. त्यावर दुकानाचे नाव, तारीख आणि अ‍ॅक्सल कोणत्या गाडीचा हे लिहून घ्या. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या अंगणात येऊ नये. तसेच मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यावर बंधन आहे. गाडी रस्त्यावर आणायची असेल तर त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा अ‍ॅक्सल घ्यावा. वेगळा बसवण्याचा विचार असल्यास आधी परिवहन कार्यालयात विचारावे.

बंधूंनो, जुना अ‍ॅक्सल घेण्यात कमीपणा काही नाही. चांगला पारखून घेतलेला जुना अ‍ॅक्सल पुष्कळ वर्षे साथ देतो. पण त्याची खरी किंमत दुकानात कळत नाही. तो आपल्या गाडीखाली बसून, चार चाकांवर, माणसे घेऊन सुखरूप घरी आला म्हणजे कळते. तेव्हा पुढच्या खेपेला बाजारात जाताना खिशात पैशाबरोबर टेप, खडू, चुंबक आणि मापांचा कागद असू द्या. आणि मेकॅनिकला सोबत न्या. त्याची एक दिवसाची मजुरी वाया जात नाही.