आयोवातील भाषाबंदी



पहिल्या महायुद्धाची रणभूमी अमेरिकेतील आयोवा राज्यापासून हजारो मैल दूर होती. झळ मात्र तेथील लोकांच्या जिभेला लागली. २३ मे १९१८ रोजी राज्यपाल विल्यम हार्डिंग यांनी शाळा, आगगाडी, दूरध्वनी, एवढेच नव्हे तर प्रार्थनामंदिरातही इंग्रजीखेरीज सर्व भाषा वर्ज्य ठरविल्या. रोख जर्मनवर होता. पण मुकाट व्हावे लागले डॅनिश, डच, नॉर्वेजियन आणि चेक भाषिकांनाही. यांतील कित्येकांचे पुत्र अमेरिकेच्याच सैन्यात होते! स्कॉट परगण्यात दूरध्वनीवर जर्मन बोलल्याबद्दल शेतकरी स्त्रियांना दंड झाला. त्या काळी एका तारेवर अनेक घरे असत. म्हणजे ऐकणारा शेजारीच. इंग्रजी न जाणणाऱ्यांनी घरी प्रार्थना करावी, एवढी उदार मुभा तेवढी होती. डिसेंबर १९१८ मध्ये हुकूम मागे घेतला गेला. पुष्कळ प्रार्थनामंदिरांत मात्र जुनी भाषा पूर्ववत परतली नाही.