बाळाचे वावडे



आज बोलायचे आहे ते लहान बाळाच्या घासाविषयी. बायकांचा विषय म्हणून बापयांनी उठून जाऊ नये. दुकानातून बिस्किटाचा पुडा आणतो बाप, आणि मांडीवर घेऊन भरवतो आजोबा.

एखाद्याला वांगे चालत नाही. खाल्ले की अंगाला खाज सुटते. आपण म्हणतो, त्याला वांग्याचे वावडे आहे. डॉक्टर यालाच ॲलर्जी म्हणतात. अन्नातल्या एखाद्या अंशाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्याशी झगडू लागते. तेच अन्न दुसऱ्याला पोसते. मोठा माणूस सांगतो तरी. बाळ नुसते रडते.

मग ओळखायचे कसे? नवा घास दिल्यावर थोड्या वेळात, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात. ओठ, डोळे सुजतात. उलटी होते. काही बाळांना लगेच काही होत नाही, पण शौचातून आव किंवा रक्त पडते, वजन वाढत नाही. घरात कुणी म्हणते दात येताहेत, कुणी म्हणते दृष्ट लागली. दृष्ट खुशाल काढा. पण आधी बाळाने काय खाल्ले ते आठवा.

आपल्याकडे घरोघर दूध आहे. न्हावऱ्यापासून पाटसापर्यंत कुठेही जा, सकाळी किटल्या घेऊन डेअरीकडे चाललेली माणसे दिसतात. आणि लहान बाळांना ज्या अन्नांचे वावडे असते, त्यांत दूध पुढे आहे. गाईचे बाधले की शेजारीण सांगते, म्हशीचे द्या, नाहीतर शेळीचे द्या, ते हलके असते. हा सल्ला धोक्याचा आहे, बरं का. बाधणारा अंश या तिन्ही दुधांत जवळजवळ सारखाच असतो. दूध उकळून तो जात नाही. दही, ताक, लोणी, पेढा, सगळ्यात तो असतो. तुपातही थोडा राहतो.

आईचे दूध मात्र तोडू नका. वरचे अन्न सहा महिने पुरे झाल्यावर सुरू करायचे, आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचे. कधी कधी डॉक्टर आईलाच दूध-दही सोडायला सांगतात. तेव्हा तिच्या ताटात नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी वाढा, म्हणजे तिची हाडे झिजणार नाहीत. आईचे दूध नसेल, तर बदली दूध कोणते ते डॉक्टरांनीच सांगायचे.

आता मुख्य गोष्ट. दूध बाधले म्हणून भीतीने अंडे बंद होते, मग डाळ बंद होते, आणि बाळ पेजेवर राहते. पेजेने पोट भरते, अंग भरत नाही. बाळ सुकते ते वावड्याने नव्हे, उपासाने. जे बाधले तेवढेच काढा आणि त्याच्या जागी दुसरे कसदार अन्न ठेवा.

एका वेळी एकच नवे अन्न द्या. तीन-चार दिवस थांबा, मग दुसरे. भिंतीवरच्या कॅलेंडरात आपण दुधाचे माप लिहितो ना? त्याच चौकोनात लिहा : सोमवार, मूगडाळ. काही झाले तर तेही लिहा.

एकेक करून सोसले, की खिचडी करा. दोन चमचे तांदूळ किंवा ज्वारीच्या बारीक कण्या, एक चमचा मूगडाळ, भोपळ्याची एक फोड. मऊ शिजवून घोटा. दुधाचे वावडे असेल तर तुपाऐवजी चमचाभर करडईचे तेल घाला. मीठ, साखर, मध वर्षाच्या आत नको. चमचा कलता केला तर खिचडी ओघळू नये, इतकी घट्ट हवी. आरंभी दोन-तीन चमचे, हळूहळू अर्धी वाटी. दुधातला पळा खिचडीत बुडवू नका, तेवढ्यानेही बाधते.

शेंगदाण्याला लोक भितात. लंडनमध्ये ६४० बाळांवर एक प्रयोग झाला. त्या बाळांना जोराचे इसब किंवा अंड्याचे वावडे होते. काहींना लहानपणापासून नियमाने दाण्याचे पदार्थ दिले, काहींना मुळीच दिले नाहीत. मुले पाच वर्षांची झाल्यावर पाहिले. न दिलेल्यांत शंभरी १७ मुलांना दाण्याचे वावडे निघाले, दिलेल्यांत शंभरी फक्त ३ मुलांना. २०१५ साली हा निकाल छापून आला. तेव्हा निरोगी बाळाला दाण्याचे बारीक कूट खिचडीत शिजवून, थोडे थोडे द्यावे. इसब किंवा दुसरे वावडे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा कुणाच्याच बाळाला देऊ नका. घशात अडकतो.

चहात बुडवून बिस्कीट भरवणे मला मुळीच पटत नाही. वावडे असलेल्या बाळाला तर त्यात दुहेरी धोका, कारण बिस्किटात गहू असतो आणि पुष्कळदा दूधही. तुम्हाला आता वाचता येते, तेव्हा पुडा उलटा करून पाहा. अक्षरे इंग्रजी असली तर शाळकरी मुलाला विचारा : मिल्क म्हणजे दूध, एग म्हणजे अंडे, व्हीट म्हणजे गहू, पीनट म्हणजे शेंगदाणा.

घास दिल्यावर बाळाला दम लागला, घरघर सुरू झाली, जीभ सुजली किंवा ते मलूल पडले, तर घरगुती औषधात वेळ घालवू नका. १०८ वर फोन करा. रात्र आहे, उजाडू द्या, असे म्हणू नका.

पुष्कळ मुलांचे दुधाचे वावडे शाळेत जायच्या वयापर्यंत सुटते. पण सुटले का, हे घरी पेढा चारून पाहू नये. ते डॉक्टरांसमोर पाहायचे असते. शिरूरच्या किंवा दौंडच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, गरज पडली तर पुण्याला ससूनमध्ये. जाताना भिंतीवरचे ते कॅलेंडर बरोबर न्या.