विषाणू आणि आपले पोट
(पुलाउ उबीन येथील कौटुंबिक सहलीत केलेले भाषण)



आज आपण ज्या बेटावर सहकुटुंब जमलो आहोत, तेथील रहिवासी आजही विहिरीच्या पाण्यावर अवलंबून आहेत. ते पाणी उकळूनच प्यावे, अशी सूचना येथे येणाऱ्यांना दिली जाते. पाणी, पोट आणि रोग यांचा विचार करण्यास हे स्थळ उचितच आहे.

कोरोना म्हणजे खोकला आणि धाप, अशी आपली समजूत आहे. ती अपुरी आहे. हा विषाणू एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो आणि हे प्रथिन लहान आतड्याच्या अस्तरात विपुल असते. त्यामुळे काही रुग्णांना भूक मंदावणे, मळमळ, वांती, जुलाब व पोटदुखी होते. क्वचित ही लक्षणे खोकल्याच्याही आधी दिसतात. सिंगापूरमधील पहिल्या १८ रुग्णांपैकी ८ जणांची विष्ठा तपासली असता ४ जणांत विषाणूचे अंश आढळले. याच तत्त्वावर २०२० साली येथील कामगारांच्या वसतिगृहांतील सांडपाणी तपासून साथीचा मागोवा घेण्यात आला.

तथापि भयभीत होण्याचे कारण नाही. विष्ठेत अंश सापडणे म्हणजे तेथे जिवंत, संसर्गक्षम विषाणू असणेच नव्हे. हा रोग मुख्यतः श्वासावाटेच पसरतो. मात्र २००३ च्या सार्स साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवासी बाधित झाले आणि तज्ज्ञांनी त्याचा संबंध सदोष सांडपाणी नळांशी जोडला, हे विसरता येत नाही. म्हणून शौचानंतर साबणाने हात धुणे व झाकण लावून पाणी सोडणे हितावह.

गावाकडील वृद्ध माता-पिता दूरध्वनीवर "जरा अपचन झाले" एवढेच सांगतात. साथीच्या दिवसांत त्यांना चाचणी करावयास सांगा. जुलाबात खरा धोका शरीरातील पाणी घटण्याचा असतो. क्षार-साखरेची पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. प्रतिजैविके विषाणूवर निरुपयोगी आहेत. ती मनाने घेऊ नयेत. लघवी कमी होणे, ग्लानी, शौचातून रक्त वा धाप, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. संसर्गानंतर काही आठवड्यांनी मुलास ताप, पुरळ व तीव्र पोटदुखी झाल्यासही विलंब करू नये.

दुखणे पोटाचे असो वा छातीचे, ते लपवू नका आणि दुसऱ्याच्या दुखण्याला नावे ठेवू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.