मोकाट जनावरं, मोकळे मालक

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या महिला मंडळांच्या व बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या बैठकीचा विषय कळल्यावर काही जणींनी विचारलं, की दारू आहे, मारहाण आहे, मजुरीचा प्रश्न आहे, सातबाऱ्यावर बाईचं नाव नाही. एवढं सगळं पडलेलं असताना कुत्र्या-बकऱ्यांचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

आपल्या वऱ्हाडात घरच्या जनावराचं कोण करतं? गोठ्यातलं शेण कोण काढतं, बकरीला पाला कोण आणतं, कोंबड्या कोण झाकतं, दारातल्या कुत्र्याला उरलेली भाकर कोण टाकतं? बाईच. पण बकरी विकायची वेळ आली की बाजारात कोण जातं आणि पैसे कोणाच्या खिशात पडतात? राबणं बाईचं आणि मालकी पुरुषाची, हे शेतीत आहे तसंच गोठ्यातही आहे.

आता रस्त्यावर या. पहाटे अंधारात परसाकडे कोण जातं? गल्ली झाडायला, कचरा वेचायला भल्या पहाटे कोण निघतं? कापूस वेचायला, निंदायला पायी कोण जातं? कुत्र्यांची टोळी आधी यांच्याच अंगावर येते. चारचाकीत बसणाऱ्याला हा प्रश्न काचेतून दिसतो. आणि लेकराला कुत्रं चावलं, तर त्याला कडेवर घेऊन दवाखान्याच्या चार-पाच खेपा मारायच्या कोणी? आईनं. म्हणजे तिच्या चार-पाच मजुऱ्या बुडाल्या. एवढं सगळं जिच्यावर येऊन पडतं, तिला जनावरांविषयीचे नियम करताना कोणी विचारत नाही. म्हणून हा आपला प्रश्न आहे.

आधी जिवाचं बोलू

नियमांचं नंतर. आधी जे प्रत्येकीला पाठ पाहिजे ते सांगते. पिसाळीचा रोग, म्हणजे रेबीज, एकदा लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कोणी वाचत नाही. पण चावल्यावर लगेच उपचार झाला तर तो टाळता येतो. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं या रोगाने मरतात असा अंदाज आहे. मरणाऱ्यांत शंभरातली चाळीस पंधरा वर्षांखालची मुलं असतात. माणसाला हा रोग होतो तो बहुतेक सगळा कुत्र्यामुळेच.

कुत्रं चावलं की जखमेत तिखट, चुना, हळद भरायची आपल्याकडे पद्धत आहे. ती बंद करा. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवा. पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच, दोन तांबे ओतून होत नाही. मग सरळ दवाखाना. मांत्रिकाकडे गेलेला दिवस परत मिळत नाही.

"पोटात चौदा सुया देतात" ही भीती आजही बायांच्या मनात आहे. ती भीती खोटी नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस पोटातच टोचत. पण ती लस आपल्या देशात २००५ च्या सुमाराला बंद झाली. आता सुई दंडात देतात. स्नायूत द्यायची असेल तर पहिला दिवस धरून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, अशा पाच. कातडीत द्यायची असेल तर चौदावा दिवस गळतो. जखम रक्त निघण्याइतकी असेल तर लसीबरोबर जखमेत सीरम भरावं लागतं, ते विचारून घ्या. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

आणखी एक गोष्ट, जी बायांना कोणी सांगत नाही. पोटुशी बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही लस घेता येते, घेतलीच पाहिजे. "आत्ता दिवस आहेत, सुई नको" म्हणून सुनेला घरी ठेवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळणं आहे. मुलगा चावला गेला की गाडी काढायची आणि सून चावली गेली की "बघू उद्या" म्हणायचं, हा फरकही आपण ओळखून आहोत.

मारून प्रश्न सुटला का?

आता रस्त्यावरच्या कुत्र्यांचं. आपल्यातच दोन मतं आहेत हे मला माहीत आहे. एका बैठकीत एक बाई म्हणाली, "मले रोज भाकर टाकल्याबिगर घास गोड लागत नाही." तिच्या शेजारची म्हणाली, "तू टाकतं भाकर न् ते चावते माह्या पोट्ट्याले." दोघी बरोबर होत्या. तिथे बोट दाखवायला हवं होतं ते तिसऱ्याकडे.

पूर्वी नगरपालिका कुत्र्यांना विष घालत. वर्षानुवर्षं घातलं. कुत्री संपली का? उकिरडा तसाच राहिला, की रिकाम्या जागेत दुसरी कुत्री येतात, वितात आणि पुन्हा तेच. म्हणून केंद्र सरकारने २००१ साली नियम केले आणि २०२३ साली ते नव्याने केले. त्यांचा गाभा साधा आहे: कुत्रं धरायचं, त्याची नसबंदी करायची, पिसाळीची लस टोचायची आणि जिथून धरलं तिथेच सोडायचं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. तुमच्या गल्लीतल्या किती कुत्र्यांच्या कानाला खाच आहे, हे उद्या मोजा. महापालिकेने काम केलं की नाही याचा तो सगळ्यात सोपा हिशेब आहे.

हे काम पालिकेचं आहे, ग्रामपंचायतीचं आहे. ते झालं नाही की लोक स्वतःच "बंदोबस्त" करतात. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सप्टेंबर २०१९ मध्ये, गिरडा-सावळदबारा रस्त्याच्या कडेला सुमारे नव्वद कुत्री मेलेली सापडली. त्यांची तोंडं आणि पाय बांधलेले होते. ज्या गावांतून ती उचलली, तिथली उरलेली कुत्री त्यामुळे ना नसबंदीची झाली, ना लसीची. क्रूरपणा झाला आणि धोका होता तिथेच राहिला.

मग करायचं तर कसं, याचं उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. तिथे वर्षानुवर्षं वाड्यावाड्यावर जाऊन कुत्र्यांना लस टोचली, शाळेतल्या मुलांना चावा झाल्यावर काय करायचं ते शिकवलं, आणि २०२१ साली सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असं या विषयातले जाणकार सांगतात.

कोर्टाचंही माहीत असू द्या, कारण लोक अर्धवट सांगून बायांना घाबरवतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं, की ज्याला कुत्र्यांना खाऊ घालायचं त्याने ती दत्तक घ्यावीत, घरी नेऊन घालावं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नसबंदी व लस करून कुत्री त्याच भागात सोडावीत, पिसाळलेली आणि हल्लेखोर मात्र सोडू नयेत. आणि खाऊ घालण्यासाठी पालिकेने वॉर्डावॉर्डात जागा ठरवून द्याव्यात. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडासंकुलं इथली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, आणि मोठ्या रस्त्यांवरची मोकाट गुरंही हटवायला सांगितली.

म्हणजे भाकर टाकणाऱ्या बाईने जागा आणि वेळ पाळावी, लहान मुलं खेळतात तिथे, जिन्यात, दारात टाकू नये, खरकटं पडू देऊ नये. हे तिचं कर्तव्य. पण एकटी म्हातारी कुत्र्याला भाकर टाकते म्हणून तिला शिव्या देणं, धक्काबुक्की करणं याचा हक्क कोणालाही नाही. ती जागा ठरवून देणं पालिकेचं काम आहे. ते विचारा.

मोकाट कुत्रं कुठून येतं?

काही कुत्री रस्त्यावरच जन्मतात, पण काही घरातून फेकलेली असतात. हौसेने पिल्लू आणायचं, मोठं झालं, आजारी पडलं, बदली झाली की गावाबाहेर सोडून द्यायचं. आणि पिल्लं वाटताना काय होतं ते आठवा. नर पिल्लं लोक उचलून नेतात. मादी राहतात. "मादी नको, ती वीत बसते" म्हणून पोत्यात घालून नाल्याकाठी सोडतात. हे ऐकताना आपल्याला वेगळं काही आठवलं असेल तर ते चुकीचं नाही. उपाय मात्र सरळ आहे: मादी पाळा आणि तिची नसबंदी करून घ्या. अकोल्यात तर पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, तालुक्याला सरकारी पशुदवाखाने आहेत. तिथे चौकशी करा.

ज्याचं कुत्रं त्याची जबाबदारी. वर्षाला लस, रस्त्यावर साखळी, दुसऱ्याच्या दारात घाण केली तर उचलणं, आणि चावलं तर दवाखान्याचा खर्च. पाळलेल्या जनावरापासून इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. पण बंगल्यातल्या साहेबाचं कुत्रं धुणंभांड्यांच्या बाईला चावलं तर ती तक्रार करते का? करत नाही, काम जाईल म्हणून. फार तर पन्नास-शंभर रुपये हातावर ठेवतात. अशा वेळी तिच्याबरोबर ठाण्यात जाणाऱ्या दोघी-तिघी असल्या पाहिजेत. संघटना त्यासाठीच असते.

कोंडवाडा कोणासाठी?

आता दुसरी बाजू बघा. बंगल्यातल्या कुत्र्याला कोणी धरत नाही, पण विधवेची बकरी कोणाच्या बांधावर तोंड लावायला गेली की लगेच कोंडवाड्यात. कोंडवाड्याची ही पद्धत १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्यापासून पक्की झाली. त्या कायद्यातल्या जनावरांच्या यादीत हत्ती आहे, उंट आहे, बकरी आहे, तिचं करडूसुद्धा आहे. कुत्रं नाही. तो कायदा पिकाच्या मालकासाठी होता.

पीक राखलं पाहिजे, त्यात वाद नाही. कोरडवाहू शेतात गुरं घुसली तर नुकसानही आपल्याच बहिणीचं होतं. पण ज्या बाईला शेत नाही, तिचं बकरी हेच बँकेतलं खातं. लेकराची फी, बाळंतपण, आजारपण सगळं तिच्यावर. गायरान अतिक्रमणात गेलं, चराई उरली नाही, मग तिने बकरी चारायची कुठे? चराईला जागा न देता दंड तेवढा घ्यायचा, हा नियम एकतर्फी आहे. निदान एवढं मागा: दंडाचे आणि खोराकीचे दर कोंडवाड्यावर मराठीत लिहिलेले असावेत, पैसे घेतल्यावर पावती मिळावी, आत पाणी आणि चारा असावा, आणि जनावर सोडवायला आलेल्या बाईशी नीट बोलावं. पावती मागितली की दर आपोआप खाली येतो, हा अनुभव रेशन दुकानावर आपण घेतलेलाच आहे.

झाडू आणि दया

या सगळ्याचं मूळ उकिरड्यात आहे. मटणाच्या दुकानामागची घाण, मंगल कार्यालयांचं उरलेलं अन्न, उघडे नाले यांवर कुत्री आणि डुकरं वाढतात. अमरावतीलगत पोहरा-मालखेडचं जंगल आहे. तिथले बिबटे वस्तीकडे येतात ते बहुतेक कुत्र्यांच्या मागे. कचऱ्यामागे कुत्रं, कुत्र्यामागे बिबट्या, आणि वाटेत सरपणाला गेलेली बाई.

अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावचे गाडगेबाबा. त्यांच्या हातात झाडू होता आणि तोंडी देवाला बकरं कापू नका, मुक्या जिवाला मारू नका हे होतं. आपण दोन्ही वेगळं केलं. कोणी नुसती दया सांगतो, कोणी नुसतं साफ करा म्हणतो. गल्ली झाडल्याशिवाय दया टिकत नाही.

काय करायचं?

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांवर प्रशासक आला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत वॉर्डातली तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. आता आहेत, आणि निम्म्या जागा बायांच्या आहेत. २०११ पासून राज्यात बायांना पन्नास टक्के आरक्षण आहे. निवडून आलेल्या बाईला हार घालून थांबू नका. तिला कागद द्या. गावात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे, तिथे ठराव मांडा.

कागदावर एवढं लिहा. एक, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस किती आहे, सीरम जवळात जवळ कुठे मिळतं, हे बाहेरच्या फळ्यावर लिहा. दोन, वर्षभरात किती कुत्र्यांची नसबंदी व लस झाली, किती पैसा खर्च झाला, हे वॉर्डवार सांगा. तीन, २०२३ च्या नियमांप्रमाणे जी देखरेख समिती असायला हवी ती आहे का, तिच्या बैठका होतात का? चार, पाळीव कुत्र्यांची नोंद आणि लसीची सक्ती करा, पण नोंदणीची फी झोपडीला आणि बंगल्याला सारखी नको. पाच, कोंडवाड्याचे दर आणि पावती. सहा, मटण मार्केट आणि मंगल कार्यालयांचा कचरा रोज उचला.

उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाहीत.

शेवटी एकच सांगते. कुत्र्यावर राग काढणं सोपं आहे, कारण ते उलट विचारत नाही. भाकर टाकणाऱ्या बाईवर, बकरीवालीवर राग काढणंही सोपं आहे, कारण तिच्यामागे कोणी नसतं. जनावर मोकाट सुटतं तेव्हा त्याचा मालक मोकळा सुटलेला असतो आणि पालिका हात झटकून बसलेली असते. नियम या दोघांना बांधणारे हवेत. ते करून घ्यायला आपण गेलो नाही, तर दुसरं कोणी तरी आपल्याच विरुद्ध करून ठेवील.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांची मोजणी आणि आपल्या दवाखान्यातला लसीचा साठा लिहून आणा. तिथून कामाला लागू.