पाणी किती मुरतं, हे गावानंच मोजायचं
(वनहक्क शिबिरातील भाषणाचा मजकूर)

साथींनो, आयाबायांनो,

2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं आपल्या ग्रामसभेला जंगल आणि पाण्याचे उगम राखायचा अधिकार दिला. आता आराखडा बनवताना चर कुठे, तळं कुठे, हे ठरवावं लागतं. बाहेरून कोणी एक आकडा घेऊन येतो, "इथं पाणी मुरत नाही" म्हणतो. आपण विचारायचं, आकडा काढला कसा?

पद्धती तीन.

पहिली, प्रयोगशाळेची. नळीत माती भरून नेतात. नमुना मूठभर. मुळांची भोकं, गांडुळांच्या वाटा, भेगा त्यात येतातच असं नाही. म्हणून जंगलच्या मातीचा आकडा बऱ्याचदा कमी येतो. पण तळ्याच्या पाळीची चिकणमाती तपासायला हीच बरी.

दुसरी, खड्ड्याची. हातभर खड्डा करा, रात्री पाणी भरून माती भिजवा. सकाळी पुन्हा भरा, पातळी किती उतरते ते काठीनं मोजा. खर्च नाही. मात्र पाणी बाजूनंही जातं, म्हणून आकडा फुगतो. दोन जागांची तुलना करायला चालतं, खड्डे सारखेच पाहिजेत.

तिसरी, दोन कड्यांची. आतलं कडं 30 सेंटिमीटर रुंद, बाहेरचं 60. जुन्या पिंपाचा पट्टा कापला तरी बाहेरचं कडं होतं. दोन्ही जमिनीत ठोका, दोन्हीत सारखं पाणी ठेवा, मोजायचं फक्त आतलं. बाहेरचं पाणी आतल्याला बाजूला पळू देत नाही, ते खालीच जातं. कोरडी माती आधी भराभर पिते, ते धरू नका. दर दहा मिनिटांनी मोजा. घट सारखी यायला लागली की तोच खरा वेग. दहा मिनिटांत 1 सेंटिमीटर, म्हणजे तासाला 6.

काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा असतात, पाणी गडप होतं. तिथं पाऊस पडून भेगा मिटल्यावर परत मोजा.

एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी भिडवू नका. जिथं मुरतं तिथं चर, जिथं मुरत नाही तिथं तळं. उलटं झालं तर तळं माघातच आटतं, आणि हंडा बायांच्याच डोक्यावर येतो.

प्रत्येक पाड्यानं जंगलात, शेतात आणि गुरांच्या वाटेवर मोजावं. जागा, तारीख, पद्धत ग्रामसभेच्या वहीत लिहावी, सह्या-अंगठे घ्यावेत. मग कोणी आकडा दाखवला, तर आपणही वही उघडू.

जिंदाबाद!